कुशीबाहेरचा गर्भ

मानवी भ्रूणांवरील संशोधनाला होणारा विरोध मराठीत बहुतेक वेळा एकाच शब्दाच्या बळावर उभा असतो आणि तो शब्द म्हणजे भ्रूणहत्या. हा शब्द एकदा उच्चारला की पुढे युक्तिवाद करण्याची गरजच उरत नाही, कारण महाराष्ट्रात त्याला एक ताजी आणि लाजिरवाणी स्मृती चिकटलेली आहे: सोनोग्राफीत मुलगी दिसली म्हणून पाडलेले गर्भ, १९८८ साली देशात सर्वप्रथम याच राज्याने केलेला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा, त्यापाठोपाठ १९९४चा केंद्रीय कायदा, आणि एवढे होऊनही २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे आढळलेल्या अवघ्या ८०७ मुली. ज्या शब्दामागे हा इतिहास आहे तो प्रयोगशाळेतील काचेच्या बशीला लावला की ऐकणाऱ्याचा निर्णय आधीच झालेला असतो. या लेखाचा आक्षेप आहे तो नेमक्या या उसनवारीवर.

गर्भलिंगनिदानाच्या प्रश्नात अन्याय होत होता तो स्त्रीवर. जन्मू न दिलेल्या मुलींच्या रूपाने जिवंत स्त्रियांचे मोल खाली आणले जात होते आणि गर्भवतीच्या शरीराबाबतचा निर्णय तिच्या सासरी परस्पर होत होता. म्हणूनच त्या प्रथेविरुद्ध लढणाऱ्या स्त्री-संघटना सुरक्षित गर्भपाताच्या हक्काच्याही बाजूने ठाम उभ्या होत्या आणि या दोन भूमिकांत त्यांना विसंगती वाटत नव्हती. भ्रूण-संशोधनाच्या विरोधकांनी त्या लढ्यातला शब्द घेतला, पण त्या शब्दाच्या केंद्रस्थानी असलेली बाई मात्र मागे ठेवली. त्यांच्या युक्तिवादात भ्रूण आहे, शास्त्रज्ञ आहे, क्वचित परमेश्वरही आहे. ज्या शरीरातून स्त्रीबीज काढले गेले त्या शरीराचा उल्लेख मात्र शोधूनही सापडत नाही.

वाद ज्याविषयी आहे ती वस्तू प्रथम नीट पाहिली पाहिजे. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचा संयोग, म्हणजेच फलन, शरीराबाहेर घडवून आणले की त्या एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी होत जातात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट नावाची अवस्था येते, जी शे-दोनशे पेशींची आणि मिठाच्या बारीक कणाएवढी पोकळ गोळी असते. या गोळीच्या बाहेरच्या थरापासून पुढे वार तयार होते आणि आत एका बाजूला चिकटलेल्या पेशींच्या पुंजक्यापासून गर्भाचे शरीर घडते. हा आतला पुंजका वेगळा काढून वाढवला तर त्यातून शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या मूलपेशी मिळतात, आणि त्या योग्य पोषणात वर्षानुवर्षे विभागत राहतात; अशा अखंड चालणाऱ्या साखळीला पेशीवंश म्हणता येईल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी १९९८ साली मानवी भ्रूणापासून असे पेशीवंश प्रथम मिळवले. पुंजका काढताना भ्रूण नष्ट होतो. ही गोष्ट संशोधनाच्या समर्थकांनी गुळमुळीत शब्दांत झाकण्यात अर्थ नाही, कारण सारा वाद तिथूनच सुरू होतो.

विरोधकांचा सर्वांत बळकट युक्तिवाद सातत्याचा आहे. आज हयात असलेला प्रत्येक माणूस कधीकाळी अशीच एक गोळी होता, फलनापासून जन्मापर्यंत कुठेही अशी ठळक रेषा नाही की जिच्या अलीकडे वस्तू आणि पलीकडे माणूस म्हणता येईल, आणि म्हणून अगदी आरंभापासूनच तिला माणसाचा मान दिला पाहिजे, असे ते म्हणतात. यातील पहिले विधान खरे आहे, दुसरे बऱ्याच अंशी खरे आहे, पण निष्कर्ष त्यांतून निघत नाही. पहाट आणि दुपार यांच्यामध्ये रेघ ओढता येत नाही म्हणून पहाटेला दुपार म्हणत नाहीत. शिवाय पहिल्या दोन आठवड्यांत ठळक नसली तरी पुरेशी स्पष्ट अशी एक खूण खरोखरच आहे. साधारण चौदाव्या-पंधराव्या दिवशी भ्रूणाच्या चकतीवर एक आडवी-उभी दिशा ठरवणारी रेघ उमटते, जिला प्रिमिटिव्ह स्ट्रीक म्हणतात. डोक्याकडची बाजू कोणती आणि पाठीचा कणा कुठल्या रेषेत येणार हे तिथे निश्चित होते. त्याआधी एकाच भ्रूणाचे दोन होऊन एकसारखी जुळी जन्मू शकतात. एकाचे दोन होऊ शकतात म्हणून तो शून्य ठरत नाही, असे यावर कोणी म्हणेल आणि ते बरोबरच आहे. परंतु हत्येचा आरोप शून्य-एकाचा नसतो, तो अमुक एका व्यक्तीच्या जिवाचा असतो, आणि ती व्यक्ती एक की दोन हेच जिथे ठरलेले नाही तिथे आरोपपत्रावर लिहायला नाव नाही. ब्रिटनमधील वॉर्नॉक समितीने १९८४ साली चौदा दिवसांची मर्यादा सुचवली, ती तेथील १९९०च्या कायद्यात आली, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७, २०१३ आणि २०१७ साली काढलेल्या मूलपेशीविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही तीच कायम आहे: चौदा दिवस किंवा ही रेघ, यांपैकी जे आधी येईल त्यापुढे भ्रूण वाढवायचा नाही.

सातत्याच्या युक्तिवादात याहूनही मोठी एक फट आहे. बशीतील भ्रूण ‘आपोआप’ माणूस होईल असे त्यात गृहीत धरलेले असते. तो होत नाही. उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेला भ्रूण शंभर वर्षे ठेवला तरी शंभर वर्षांनी तो भ्रूणच राहील किंवा निकामी होईल. त्याच्यातील शक्यतेला अर्थ येतो तो एखादी स्त्री त्याला आपल्या गर्भाशयात घ्यायला तयार झाली तरच. मराठी भाषेला हे ठाऊक आहे. कूस उजवते असे मराठीत म्हणतात, पोट राहते, दिवस जातात. गर्भ ही गोष्ट या भाषेत नेहमी कुणाच्या तरी ठायी असते. कूस हा शब्द ज्या ‘कुक्षि’वरून आला तोच चरकसंहितेतील गर्भाच्या व्याख्येत आहे: शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग कुक्षीत गेल्यावर त्याला गर्भ ही संज्ञा मिळते, असे तिथे म्हटले आहे, आणि सुश्रुतानेही आपल्या व्याख्येत गर्भाशयातील स्थिती समाविष्ट केली आहे. चरकाने जीव सुरुवातीपासूनच धरला आहे असे विरोधक दाखवून देतील, तर त्याच परंपरेत सुश्रुत चौथ्या महिन्यात हृदय व्यक्त झाल्यावर चेतना प्रकट होते असे सांगतो, आणि दोन हृदयांच्या त्या स्त्रीला दौहृदिनी म्हणतो, ज्या कल्पनेतून मराठीतले डोहाळे आले. गर्भोपनिषद तर जिवाचा संयोग सातव्या महिन्यात सांगते. प्राचीनांचे यावर एकमत नव्हते आणि त्यांच्यापुढे काचेची बशीही नव्हती. ग्रंथांचा कौल आपल्याच बाजूने ओढण्याची हौस दोन्हीकडे दिसते. जालंधरला २०१९ साली भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी कौरवांना टेस्ट ट्यूब बेबी ठरवले होते. गांधारीचे कुंभ जितके प्रयोगशाळेचे पुरावे आहेत, तितकीच चरकाची व्याख्या भ्रूण-संशोधनावरील बंदीचा पुरावा आहे.

ग्रंथांपाठोपाठ आख्यायिकांकडे वळले की कल्याणजवळच्या टिटवाळ्याच्या संदर्भात या प्रश्नाला एक खास रंग चढतो. काळू नदीकाठच्या या गावी कण्वांचा आश्रम होता आणि दुष्यंताच्या विस्मृतीने टाकल्या गेलेल्या शकुंतलेने कण्वांच्या सांगण्यावरून येथे गणपतीची स्थापना केली, अशी महागणपतीची आख्यायिका आहे. पेशवाईत तळ्याच्या गाळातून मूर्ती पुन्हा वर आली आणि आज अंगारकीला कसारा मार्गावरच्या गाड्या ओसंडतात, त्यांत लग्न जमावे म्हणून येणारे जितके असतात तितकीच मूल व्हावे म्हणून येणारी जोडपीही असतात. शकुंतलेची कथा गर्भाच्याच हक्काची कथा आहे, आणि तिच्यावरील नाटकाच्या सहाव्या अंकात कालिदासाने एक न्यायनिवाडा घातला आहे जो रसिकांच्या सहसा लक्षात राहत नाही. समुद्रात बुडालेल्या एका निपुत्रिक व्यापाऱ्याची संपत्ती राजाच्या खजिन्यात जमा व्हायची असते. दुष्यंत विचारतो की त्याच्या बायकांपैकी कोणी गरोदर आहे का, आणि एकीचे पुंसवन नुकतेच झाल्याचे कळल्यावर ती संपत्ती त्या गर्भाची असल्याचा हुकूम देतो. भ्रूणाला जन्मापूर्वी व्यक्ती मानण्याचा हा भारतीय दाखला म्हणून मोठ्या उत्साहाने पुढे करता येईल. मात्र राजाने चौकशी केली ती गरोदर बायकोची. आजचा हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६, यातील कलम २० देखील याच वाटेने जाते: मृत्यूच्या वेळी गर्भात असलेल्या आणि नंतर जिवंत जन्मलेल्या अपत्याला वारसा मिळतो. गर्भात असणे आणि जिवंत जन्मणे या दोन्ही अटी त्यात आहेत, म्हणजे कायदा गर्भाचा हक्क राखून ठेवतो आणि जन्मानंतर तो देतो.

विरोधकांची खरी अडचण मात्र वारशाच्या कलमात नाही, ती पेढ्यांत आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून शरीराबाहेरील फलनाने (आयव्हीएफने) झालेले मूल जन्मले, तेव्हा महाराष्ट्राने आनंदच मानला. आज कल्याण, डोंबिवली, ठाणे येथे आयव्हीएफ केंद्रांच्या पाट्या ठिकठिकाणी दिसतात आणि तिथे जन्मलेल्या मुलाचे बारसे भ्रूण-संशोधनाचा विरोधकही जेवून येतो. परंतु तो जन्म ज्या ज्ञानावर उभा आहे ते भ्रूणांकडे पाहूनच मिळाले. रॉबर्ट एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली मानवी स्त्रीबीजाचे शरीराबाहेर फलन झाल्याचे जाहीर केले आणि पहिले मूल जन्मले ते १९७८ साली; मधल्या नऊ वर्षांत बशीत वाढवलेल्या भ्रूणांपैकी एकाचेही मूल झाले नाही. कोणत्या द्रावात भ्रूण टिकतो, कोणत्या दिवशी तो गर्भाशयात सोडावा, गोठवून वितळवल्यावर तो शाबूत राहतो का, हे सारे भ्रूण खर्ची घालून कळले आहे. शिवाय एका उपचारचक्रात लागतील त्याहून अधिक भ्रूण तयार होतात आणि उरलेले गोठवले जातात. २५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियमानुसार ते दहा वर्षांपर्यंत साठवता येतात. त्यानंतर त्यांना नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे, असे दोनच मार्ग उरतात. आयव्हीएफला हरकत नाही आणि संशोधनाला मात्र आहे, अशी भूमिका घेणाऱ्याला भ्रूण वाया जाण्याची हरकत नसतेच. त्यातून कुणी काही शिकू नये एवढीच त्याची अट असते.

येथे एका आळशी समर्थनाचाही समाचार घेणे आवश्यक आहे. ‘नष्टच व्हायचे आहेत, मग वापरले तर बिघडले कुठे’ असे म्हणणारे संशोधनाचे मित्र त्याचे नुकसानच करतात, कारण हा तर्क मान्य केला तर मरणासन्न रुग्णाच्या शरीरालाही तो लागू पडेल. वाया जाणे हा परवाना होऊ शकत नाही. परवाना संमतीतून येतो. डोंबिवलीत देहदानाचा प्रचार करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे फार पूर्वीच ओळखले: मृतदेह राखच होणार असतो, तरीही अर्ज भरलेला असावा लागतो, घरच्यांनी होकार द्यावा लागतो, आणि वैद्यकीय महाविद्यालयाने देह सन्मानाने स्वीकारावा लागतो. भ्रूण स्वतः अर्ज भरू शकत नाही हा फरक आहेच. पण जन्मतः दगावलेल्या अर्भकाच्या बाबतीतही निर्णय आईबापच घेतात आणि त्यांना कोणी खुनी म्हणत नाही.

आता पर्याय उपलब्ध आहे, मग भ्रूण कशाला, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदरांच्या आणि २००७ साली माणसांच्या प्रौढ पेशींना काही जनुकांच्या साहाय्याने मागे वळवून मूलपेशींसारखे केले, त्याबद्दल त्यांना २०१२चे नोबेल मिळाले, आणि त्यामुळे अनेक कामांसाठी भ्रूणाची गरज खरोखरच संपली. जिथे संपली तिथे भ्रूण वापरू नयेत, हे निःसंकोच मान्य करावे. पण ‘मूलपेशींसारखे’ हे कशासारखे, ते तपासण्याचा मापदंड भ्रूणातल्या पेशीच राहतात. आणि वारंवार गर्भ का रुजत नाही, सुरुवातीलाच का निसटतो, या प्रश्नाचे उत्तर कातडीच्या पेशीत सापडणार नाही. भारतातील काम याच मर्यादेत चालले आहे. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत संशोधन केंद्रात मनीषा इनामदार यांच्या गटाने, तसेच परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने या शतकाच्या पहिल्या दशकात जे पेशीवंश तयार केले त्यांपैकी बंगळुरूचे तर उपचारासाठी निकृष्ट ठरवून बाजूला काढलेल्या भ्रूणांपासूनचे होते. ज्यांना कोणत्याही कुशीत जागा मिळणार नव्हती त्यांच्यापासून ते आले.

घसरत्या उताराची भीती खोटी नाही. २०१८ साली चीनमध्ये ह च्येनख्वे याने जनुके बदललेले भ्रूण गर्भाशयात सोडून मुली जन्माला घातल्या आणि पुढे त्याला तुरुंगवास झाला. चौदा दिवसांची मर्यादा मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ साली सैल केली, तीही प्रयोगशाळांना तेराव्या दिवसापर्यंत भ्रूण वाढवता येऊ लागल्यानंतर, ही घटना शंका घेण्याजोगीच आहे. पोहोचता येत नव्हते तोवर पाळलेली आणि पोहोचता येऊ लागताच सैल केलेली मर्यादा नीतीची कमी आणि सोयीची अधिक असते. भारताने ती सैल करू नये. परंतु उतारावर काय करतात याचा धडाही महाराष्ट्रानेच घेतलेला आहे: गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी सोनोग्राफीवर बंदी घालावी असे कुणी म्हटले नाही, यंत्रांची नोंदणी झाली, प्रत्येक तपासणीचा अर्ज भरून ठेवणे सक्तीचे झाले, आणि कायदा मोडला जातो हे दिसले तेव्हा मागणी झाली ती कडक अंमलबजावणीची.

बशीवर खिळलेली नजर उचलली की जे दिसते ते अधिक अस्वस्थ करणारे आहे. टिटवाळ्याहून कल्याणच्या केंद्रात उपचाराला जाणाऱ्या स्त्रीला पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शन घ्यावे लागते. त्यांतली काही थंड ठेवावी लागतात म्हणून ती बर्फाच्या पाकिटासह पिशवीत घालून सकाळच्या लोकलच्या गर्दीत सांभाळावी लागतात. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, मग भूल देऊन योनीमार्गे सुईने स्त्रीबीजे काढणे, आणि काहींच्या बाबतीत बीजांडकोश प्रमाणाबाहेर सुजून पोटात पाणी होणे, जे क्वचित जिवावरही बेतते. स्वतःच्या मुलासाठी हे सोसणे ही तिची निवड असते. दुसऱ्याच्या प्रयोगासाठी सोसायला लावणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती किती थराला जाते ते दक्षिण कोरियात दिसले: ह्वांग वू-सुक यांच्या २००४ व २००५ सालच्या, पुढे बनावट ठरलेल्या शोधनिबंधांसाठी दोन हजारांहून अधिक स्त्रीबीजे वापरली गेली, त्यांतील काही प्रयोगशाळेत हाताखाली काम करणाऱ्या तरुण संशोधक स्त्रियांची होती. जगाने आकडेवारीच्या खोटेपणावर गदारोळ केला. सुया मात्र खऱ्या होत्या. म्हणून उरलेल्या भ्रूणांवरील संशोधन आणि संशोधनासाठी मुद्दाम केलेले भ्रूण यांच्यात कडक भेद हवा. भारतीय मार्गदर्शक तत्त्वांनी दुसऱ्या प्रकाराला ‘निर्बंधित’ वर्गात ठेवून राष्ट्रीय समितीच्या परवानगीने दार किलकिले ठेवले आहे. ते पूर्ण लावून घेणे योग्य ठरेल. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या नव्या कायद्याने दात्या स्त्रीला आयुष्यात एकदाच आणि सातपर्यंतच स्त्रीबीजे देण्याची मर्यादा घातली, विमा बंधनकारक केला, आणि संशोधनासाठी भ्रूण परदेशी पाठवणे सर्वस्वी निषिद्ध केले, हे त्याच दिशेचे पाऊल आहे.

ते पाऊल उचलायला फार उशीर झाला, हेही नोंदवले पाहिजे. अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी ऑगस्ट २००१ मध्ये, त्या तारखेपर्यंत तयार झालेल्या पेशीवंशांवरील कामालाच सरकारी पैसा मिळेल असे जाहीर केले, तेव्हा त्यांच्या यादीतील ६४ पेशीवंशांपैकी सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे आणि तीन बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे होते. भारतात त्याचे कौतुक झाले. त्या वेळी मूलपेशींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे यायला सहा वर्षे आणि भ्रूणांविषयीचा कायदा यायला वीस वर्षे होती. ज्या जोडप्यांच्या भ्रूणांतून असे वंश निर्माण होतात त्यांना काय विचारावे आणि कोणत्या भाषेत, हे सांगणारे कायद्याचे एकही कलम देशात नव्हते. भ्रूणहत्येची हाकाटी करणाऱ्यांनी तेव्हा हा प्रश्न लावून धरला असता तर तो कामी आला असता.

आजही तो प्रश्न संमतीपत्रातल्या एका चौकटीत अडकून आहे. उरलेले भ्रूण साठवावेत, नष्ट होऊ द्यावेत की संशोधनाला द्यावेत, यांपुढे खूण करायची असते, आणि ती करायची वेळ बहुधा उपचाराच्या सुरुवातीला येते, जेव्हा जोडपे डॉक्टर पुढे करतील त्या प्रत्येक कागदावर सही करण्याच्या मनःस्थितीत असते. त्या चौकटीसमोर संशोधन करणाऱ्या संस्थेचे नाव, विषय, त्यातून तयार होणारा पेशीवंश देणाऱ्याच्या मरणानंतरही चालू राहील ही माहिती, कुणाला नफा होईल का, आणि नकार दिल्यास उपचारात फरक पडणार नाही ही हमी, हे सारे मराठीत छापलेले असावे. विचारणारी व्यक्तीही उपचार करणाऱ्या डॉक्टरांहून वेगळी असावी. आणि ही विचारणा इंजेक्शनांच्या दिवसांत होऊ नये. साठवणुकीच्या नूतनीकरणाचे पत्र वर्षभराने घरी येते तेव्हा ती करावी, कारण तोवर कूस उजवली की नाही, आणि त्या भ्रूणांपैकी आणखी एखादा हवा आहे की नाही, हे त्या बाईला कळलेले असते.